डबी उलटी करा: पुण्याच्या हवेत आपल्या त्वचेला मानवणारं क्रीम कसं निवडावं

दर पावसाळ्यात पुण्याला शिकायला किंवा नोकरीला नव्याने आलेलं कुणी ना कुणी मला विचारतं, "ताई, घरी होते तेव्हा चेहरा चांगला होता, इथे आल्यावर काय झालं?" कोकणातून आलेल्यांची त्वचा खरखरीत झालेली असते, तर कुणाच्या कपाळावर बारीक पुटकुळ्यांची रांग उठलेली असते. खोलीवर गेलं की टेबलावर सात-आठ बाटल्या असतात. प्रत्येक बाटली कुणाच्या तरी सांगण्यावरून घेतलेली असते, पण एकीचीही मागची बाजू वाचलेली नसते.

मी फार्मसी शिकले आणि भोसरीच्या एका कारखान्यात काही वर्षं क्रीमच्या बॅचेस काढल्या. डबीच्या पुढच्या बाजूला काय छापायचं हे ठरवणारी माणसं वेगळी आणि टाकीत काय ओतायचं हे ठरवणारी वेगळी, हे तिथे जवळून पाहिलं. टाकीत काय पडलं ते मागच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ती अक्षरं वाचता आली की खरेदी निम्मी सोपी होते.

पहिली पायरी: आपली त्वचा घरी बसून ओळखा

दुकानातल्या दिव्याखाली त्वचेचा प्रकार कळत नाही. सुट्टीच्या दिवशी सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, टॉवेलने टिपून घ्या आणि तासभर काहीही लावू नका. एसीत बसू नका. तासाने आरशासमोर या. गाल ओढल्यासारखे वाटत असतील, हसताना ताण येत असेल किंवा पांढरट पापुद्रे दिसत असतील, तर त्वचा कोरडी. सगळा चेहरा चमकत असेल तर तेलकट. कपाळ, नाक आणि हनुवटी चमकते पण गाल कोरडे राहतात, ती मिश्र. काहीच जाणवत नसेल तर तुमचं काम सोपं आहे.

नाजूक त्वचा हा या रांगेतला पाचवा प्रकार नाही. तेलकट त्वचाही नाजूक असू शकते आणि कोरडीही. नेहमीच्या वस्तूंनी चुरचुरणं, चटकन लाल होणं, खाज येणं ही तिची लक्षणं.

इथे एक फसगत होते. दिवसातून चार वेळा फेसवॉशने घासून धुतलेला चेहरा तेलाने चमकतो आणि त्याच वेळी आतून ओढतोही. त्या त्वचेत तेल भरपूर असतं, कमी असतं ते पाणी. अशी माणसं "माझी त्वचा तेलकट" म्हणून आणखी कडक फेसवॉश आणतात आणि त्रास वाढवून घेतात.

पुण्यात ही तपासणी वर्षातून तीनदा करावी: जुलैत, डिसेंबरात आणि एप्रिलात. पावसाळ्यात हवा दमट असते, पण मार्च-एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत खाली येते आणि डिसेंबरच्या पहाटे गारठाही असतो. जुलैत चिकट वाटणारं क्रीम डिसेंबरात अपुरं पडतं. त्यात हिंजवडी-खराडीची ऑफिसं दिवसभर एसीत असतात, म्हणजे बाहेर पाऊस आणि आत कोरडी हवा.

पाण्याकडेही बघा. अनेक सोसायट्यांत आणि होस्टेलांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं आणि ते बऱ्याचदा जड असतं. बाटलीत अर्धं पाणी घेऊन त्यात साबणाचा थोडा कीस टाका आणि हलवा. फेस न होता दह्यासारखा गाळ दिसला, तर पाणी जड आहे. तोच गाळ तोंड धुतल्यावर चेहऱ्यावरही राहतो. नवीन शहरात आल्यावर त्वचा बिघडली असं म्हणणाऱ्यांनी क्रीम बदलण्याआधी तोंड धुण्याची वस्तू बदलून बघावी.

दुसरी पायरी: डबी उलटी करा

आपल्याकडे सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू आहेत. डबीवर घटकांची यादी द्यावी लागते आणि ती प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते: सगळ्यात जास्त जे आहे ते पहिलं. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. म्हणून यादीत ही एक टक्क्याची रेघ कुठे येते ते शोधायचं.

त्यासाठी एक सोपी खूण आहे. फिनॉक्सिइथेनॉल नावाचं परिरक्षक (क्रीम खराब होऊ न देणारा पदार्थ) जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या क्रीममध्ये सापडतं आणि ते एक टक्क्यापेक्षा जास्त घालत नाहीत. यादीत त्याच्या नंतर जे काही येतं, ते एक टक्का किंवा त्याहूनही कमी. झँथन गम किंवा डायसोडियम ईडीटीए दिसलं, तरी आपण शेपटाजवळ आलो आहोत असं समजा. पुढच्या बाजूला केशराचं मोठं चित्र आहे आणि मागे केशराचा अर्क फिनॉक्सिइथेनॉलच्याही नंतर आहे, तर ते केशर चित्रापुरतंच आहे. उलट काही घटक कमी प्रमाणातच काम करतात. रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचं एक रूप), सिरामाइड, हायलुरॉनिक अ‍ॅसिड शेवटी दिसले म्हणून वस्तू वाईट ठरत नाही.

नावांनी घाबरू नका. अ‍ॅक्वा म्हणजे पाणी, टोकोफेरॉल म्हणजे ई जीवनसत्त्व, पॅन्थेनॉल हा ब-५ चा प्रकार, प्रुनस अ‍ॅमिग्डॅलस म्हणजे बदाम, कोकोस न्युसिफेरा म्हणजे नारळ. गार्सिनिया इंडिका दिसलं तर ते आपलं कोकम. त्याच्या बियांचं घट्ट तेल कोकणात पिढ्यान्‌पिढ्या भेगाळलेल्या टाचांना लावतात. अल्कोहोल या शब्दाने मात्र बरेच जण फसतात. सेटिल, सेटिअरिल किंवा स्टिअरिल अल्कोहोल हे मेणासारखे मऊ पदार्थ असून त्वचेला चांगले असतात. वाळवतं ते अल्कोहोल डिनॅट, आणि ते यादीत पहिल्या चार-पाचांत असेल तर कोरड्या किंवा नाजूक त्वचेने ती डबी ठेवून द्यावी.

यादीखेरीज उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि बनवणाऱ्याचा पत्ता बघा. बाहेरून आलेल्या वस्तूवर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. तुळशीबागेच्या बाजारात क्लिपा, कानातली हवी तेवढी घ्या, पण यातलं काहीच नसलेली डबी कुठल्याही दुकानातून आणून चेहऱ्याला लावू नका. उघड्या डबीच्या चित्रात "६एम" किंवा "१२एम" लिहिलेलं असतं, म्हणजे झाकण उघडल्यापासून तितके महिने. उघडल्याची तारीख मी पेनने डबीच्या बुडाला लिहून ठेवते.

"हर्बल", "केमिकल-फ्री", "डर्मॅटॉलॉजिस्ट टेस्टेड" या शब्दांवर निवड करू नका. पाणीसुद्धा केमिकलच आहे. "नॉन-कॉमेडोजेनिक" म्हणजे रंध्रं न बुजवणारं, पण अशा दाव्यांमागची जुनी गुणपत्रिका सशाच्या कानावर केलेल्या चाचण्यांतून आलेली आहे आणि माणसाच्या चेहऱ्याला ती जशीच्या तशी लागू पडत नाही. शब्द दिसला तर चांगलंच, पण हमी समजू नका.

तिसरी पायरी: कोणता घटक काय काम करतो

मॉइश्चरायझर कुठलंही असो, त्यात तीन प्रकारचे घटक असतात आणि दोन डब्यांमधला खरा फरक यांच्या प्रमाणाचा असतो.

पहिला प्रकार ओलावा ओढून धरणाऱ्यांचा. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तोच गुण यांचा. ग्लिसरीन, हायलुरॉनिक अ‍ॅसिड, युरिया. यांत मी ग्लिसरीनला सगळ्यात जास्त मान देते. ते स्वस्त आहे, सगळ्यांना मानवतं आणि यादीत दुसऱ्या-तिसऱ्या जागी असेल तर क्रीम निम्मं पास झालं. हायलुरॉनिक सीरम कोरड्या हवेत नुसतं लावलं तर ओढल्यासारखं वाटतं. ओल्या चेहऱ्यावर लावून वर क्रीम लावायचं.

दुसरा प्रकार फटी बुजवणाऱ्यांचा. त्वचेचा सगळ्यात वरचा थर वाड्याच्या भिंतीसारखा असतो: मृत पेशींच्या विटा आणि मध्ये स्निग्ध पदार्थांचा चुना. सिरामाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लं मिळून हा चुना होतो. तो सुटला की पाणी बाहेर जातं आणि झोंबणाऱ्या गोष्टी आत येतात. सिरामाइड, स्क्वालेन, शिआ बटर, कोकम बटर इथे कामाला येतात.

तिसरा प्रकार झाकण घालणाऱ्यांचा, लोणच्यावर तेलाचा थर असतो तसा. पेट्रोलेटम, म्हणजे व्हॅसलीनच्या डबीतला पदार्थ, यात अव्वल आहे. मिनरल ऑइल, डायमेथिकोन, मेण हे त्याचे सोबती. पेट्रोलेटम आणि मिनरल ऑइलची उगाच बदनामी झाली आहे. सौंदर्यप्रसाधनांत वापरतात ते शुद्ध केलेलं असतं आणि फाटलेल्या, भेगाळलेल्या त्वचेला त्याच्याइतका आराम फार थोड्या गोष्टी देतात.

चौथी पायरी: आपल्या त्वचेप्रमाणे यादी जुळवा

तेलकट त्वचेवर जरा जास्त लिहिते, कारण चुका इथे जास्त होतात. आधी फेसवॉश. त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच (आम्लपणा मोजायचा आकडा; ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण ४.५ ते ५.५ असतो आणि साध्या साबणाचा ९-१०. अंगाच्या साबणावरचा टीएफएम (साबणातल्या स्निग्ध पदार्थांचं प्रमाण) बघून लोक तोच तोंडाला लावतात. ग्रेड १ साबणात टीएफएम किमान ७६ टक्के असतो हे खरं, पण त्यावरून साबण चेहऱ्याला सौम्य आहे हे कळत नाही. फेसवॉशमध्ये सोडियम कोकोइल आयसेथिओनेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन, डेसिल ग्लुकोसाइड अशी नावं शोधा. सोडियम लॉरिल सल्फेट वरच्या दोन-तीनांत असेल तर टाळा. दिवसातून दोनदा धुणं पुरे, घाम आला तर नुसत्या पाण्याने.

काळे ठिपके आणि तारुण्यपीटिकांसाठी सॅलिसिलिक अ‍ॅसिड ०.५ ते २ टक्के. ते तेलात विरघळतं, म्हणून तेलाने भरलेल्या रंध्रात शिरू शकतं. लाल, पू झालेल्या पुटकुळ्यांवर बेंझॉइल पेरॉक्साइड चालतं आणि २.५ टक्क्यांचं जवळजवळ १० टक्क्यांइतकंच काम करतं, तेही कमी चुरचुरीत. त्याने टॉवेल आणि उशीचे अभ्रे पांढरे पडतात, तेव्हा जुनेच वापरा. नायसिनामाइड (ब-३ जीवनसत्त्वाचा प्रकार) २ ते ५ टक्के पुरतं. मॉइश्चरायझर सोडू नका. जेल स्वरूपाचं, ग्लिसरीन आणि डायमेथिकोन असलेलं घ्या.

कपाळावर केसांच्या कडेने एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या पुटकुळ्या असतील तर आधी डोक्याचं तेल तपासा. रात्री चोपडलेलं खोबरेल कपाळावर उतरतं. दमट हवेत त्वचेवरची बुरशीही अशा पुटकुळ्या आणते आणि त्यांना साधी मुरमांची क्रीमं लागू पडत नाहीत.

कोरड्या त्वचेने यादीत तिन्ही प्रकार बघायचे: ग्लिसरीन वर, मध्ये सिरामाइड किंवा शिआ, आणि पेट्रोलेटम किंवा डायमेथिकोन. ५ ते १० टक्के युरियाचं क्रीम हातपायांच्या खरखरीतपणाला उत्तम, पण चिरांवर झोंबतं. अंघोळ कोमट पाण्याने करावी आणि अंग ओलसर असतानाच क्रीम लावावं.

मिश्र त्वचेला दोन वस्तू लागत नाहीत. एकच हलकं लोशन सगळीकडे, आणि गालांवर दुसरा हात फिरवायचा.

नाजूक त्वचेसाठी छोटी यादी हीच चांगली यादी. परफ्यूम, लिमोनीन, लिनालूल, निलगिरी-पुदिन्याची तेलं, मिथाइलआयसोथायझोलिनोन दिसलं तर नको. नैसर्गिक सुगंधी तेलांनीही अ‍ॅलर्जी होते. पॅन्थेनॉल, ओटचा अर्क, सिरामाइड असलेलं घ्या. लिंबू तर कुणीच चेहऱ्यावर चोळू नये. त्याचं आम्ल फार तीव्र असतं आणि वर ऊन लागलं तर डाग पडतात. दिवाळीचं उटणं अंगाला लावा, पण पुरळ असलेल्या गालांवर भरड उटणं घासू नका.

पाचवी पायरी: टक्क्यांमागे धावू नका

सीरमच्या बाटल्यांवर मोठे आकडे छापायची पद्धत आली आहे. दहा टक्के नायसिनामाइड पाचच्या दुप्पट काम करत नाही, काहींना मात्र त्याने चेहरा तापल्यासारखा वाटतो. सी जीवनसत्त्व एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड या रूपात १० ते २० टक्के असावं लागतं आणि पीएच ३.५ च्या खाली असावा लागतो, म्हणून ते झोंबतं. पारदर्शक बाटलीत, उन्हाच्या खिडकीत ठेवलं तर ते तपकिरी होतं आणि मग पैसे वाया. नाजूक त्वचेने यापासून सुरुवात करू नये. डागांसाठी अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड तुलनेने सौम्य आहे.

रेटिनॉल रात्री, आठवड्यातून दोनदा, वाटाण्याएवढं. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉल आणि त्याचे भाऊबंद पूर्ण बंद. ग्लायकोलिक, लॅक्टिक ही आम्लं लावली की त्वचा उन्हाला हळवी होते, तेव्हा सनस्क्रीन नसेल तर तीही नकोत. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला जरा आग झाली तरी मागे काळा डाग उरतो आणि तो महिनोन्‌महिने जात नाही. म्हणून आपल्याकडे कमी टक्के आणि धीर हेच योग्य.

सहावी पायरी: सनस्क्रीन आणि स्कार्फ

पुण्यात दुचाकीवर स्कार्फ बांधला की सनस्क्रीनची गरज नाही, असं अनेकींना वाटतं. दाट विणीचा, गडद सुती स्कार्फ ऊन चांगलं अडवतो, झिरझिरीत ओढणी नाही. डोळ्यांभोवतीचा भाग उघडाच राहतो. आणि घामाने भिजलेला तोच स्कार्फ चार दिवस बांधला तर घर्षणाने जबड्यावर पुटकुळ्या येतात. दोन-तीन स्कार्फ ठेवा आणि रोज धुवा. हेल्मेटचं अस्तरही धुवा.

एसपीएफ ३० अतिनील-बी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतो, ५० सुमारे ९८. फरक एवढाच. पण हे आकडे दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतकं जाड लावून मोजलेले असतात. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर लांब रेघ ओढाल तेवढं लागतं, आणि बहुतेक जण त्याच्या निम्मंही लावत नाहीत. म्हणून महागडं थोडं लावण्यापेक्षा परवडणारं भरपूर लावा. अतिनील-ए किरणांसाठी डबीवर "पीए" (PA) या अक्षरांपुढची अधिकाची (+) चिन्हं बघा, तीन किंवा चार. तेलकट त्वचेला जेल, नाजूक त्वचेला झिंक ऑक्साइड. झिंकने चेहरा पांढुरका दिसतो. थोडा रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडचं घेतलं तर तो दोष जातो आणि वांग असलेल्यांना जास्त फायदा होतो, कारण दिसणारा प्रकाशही वांग गडद करतो. निघण्याआधी १५ मिनिटं लावा, म्हणजे स्कार्फ ते पुसून नेणार नाही. उन्हात राहणं असेल तर दर दोन तासांनी पुन्हा.

दोन डब्या शेजारी ठेवून

समजा, कोरड्या त्वचेसाठी दोन डब्या हातात आहेत. पहिलीवर केशर-बदामाचं चित्र, ५० ग्रॅम, २७५ रुपये. मागे: पाणी, मिनरल ऑइल, स्टिअरिक अ‍ॅसिड, ग्लिसरीन, सेटिल अल्कोहोल, फिनॉक्सिइथेनॉल, परफ्यूम, बदामतेल, केशर अर्क, रंग. दुसरी साधी पांढरी, १०० ग्रॅम, ३२० रुपये. मागे: पाणी, ग्लिसरीन, पेट्रोलेटम, सेटिअरिल अल्कोहोल, डायमेथिकोन, शिआ बटर, फिनॉक्सिइथेनॉल, सिरामाइड, झँथन गम.

पहिलीत बदाम आणि केशर रेघेच्या खाली आहेत. ती वाईट नाही. मिनरल ऑइल आणि ग्लिसरीन त्वचा मऊ ठेवतील, पण बदामाचे पैसे देऊन मिनरल ऑइल घरी येईल आणि परफ्यूम नाजूक त्वचेला त्रास देऊ शकेल. दुसरीत तिन्ही कामं करणारे घटक आहेत आणि परफ्यूम नाही. आता भाव: पहिली साडेपाच रुपये ग्रॅम, दुसरी ३ रुपये २० पैसे. कोरड्या त्वचेसाठी मी दुसरी घेईन. तेलकट त्वचेसाठी दोन्ही परत ठेवीन, कारण पावसाळ्यात ही जड पडतील.

जे मुळीच घेऊ नये

माझ्या मावसबहिणीला एका औषधाच्या दुकानात "गोरं करणारं" म्हणून एक ट्यूब दिली गेली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला, तिने दोन वर्षं लावली. मग गालांवर लाल रेषा दिसू लागल्या, लव वाढली, आणि ट्यूब बंद केली की चेहरा भाजल्यासारखा पेटायचा. तिला सावरायला दीड वर्ष लागलं. ट्यूबमध्ये मोमेटासोन होतं, म्हणजे स्टिरॉइड, सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन ही नावंही लक्षात ठेवा. २०१८ मध्ये सरकारने अशी स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. दुकानदार, शेजारी, पार्लर, कुणीही दिली तरी घेऊ नका. लेबल नसलेल्या, झटपट उजळवणाऱ्या क्रीममध्ये पाराही सापडतो आणि तो मूत्रपिंडापर्यंत जातो.

आधीच अशी ट्यूब लावत असाल तर मनाने एकदम बंद करू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

लावून बघताना

एका वेळी एकच नवी वस्तू. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ सात दिवस लावा, खाज किंवा लाली आली नाही तर चेहऱ्यावर. मॉइश्चरायझरचा फरक आठवड्यात कळतो. मुरमांना आणि डागांना आठ ते बारा आठवडे द्या. सुरुवातीला तीनच गोष्टी पुरतात: सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. सीरम महिन्याभरानंतर.

गाठीसारखी दुखणारी मुरमं, खड्डे, पसरणारा वांग, पाळीच्या गडबडीबरोबर वाढलेली लव आणि पुटकुळ्या, यांना डबीतून उत्तर मिळत नाही. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर ससून या सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभागाची ओपीडी आहे. जाताना सध्या लावत असलेल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या पिशवीत घालून न्या, रिकाम्या झालेल्याही. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.